आठ घोड्यांचा कौल

श्रावण अर्धा सरला की आमच्या खाडीवर एक आवाज येतो. आधी घसा खाकरल्यासारखा, मग थोडी शांतता, मग कुणीतरी इंजिनाच्या आईबापाचा उद्धार केल्याचा, आणि मग एकदम सलग टर्रर्र. पावसाळाभर माडाच्या झापांखाली पालथी पडलेली कुणाची तरी होडी उलथून पाण्यात लोटलेली असते आणि तिच्या पाठीला इंजिन अडकवलेलं असतं. झाप उचलले की खालून कुजक्या पानांचा, चिखलाचा, जुन्या पेट्रोलचा वास एकदमच वर येतो. दोन-चार खेकडे आपलं घर मोडल्यासारखे पळत सुटतात. नारळी पुनवेचा नारळ अजून पाण्यावर तरंगत असतो आणि चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायची कवंडळाची फळं रानात पिकायला लागलेली असतात. वाडीला हा आवाज आवडतो. बायका चुलीपुढून म्हणतात, आता ताजं मासळीचं कालवण मिळेल. मी मात्र हातातलं काम ठेवून ऐकत बसतो. इंजिन जेवढं वाजतंय तेवढं ओढतंय का, हे ऐकतो. आवाज मोठा आणि ओढ कमी असली तर मला ती लगेच कळते. ती मला कशी कळायला लागली, हेच आज लिहायचं आहे.

मी संशयी माणूस आहे. नोकरीनं झालो की नोकरी मला शोभलीच होती, हे आता सांगता येणार नाही. सावंतवाडीच्या एका शाळेच्या कचेरीत माझा जन्म गेला. दाखले, जन्मतारखा, सह्या. दाखल्यावर दोन रंगांची शाई दिसली की माझा दिवस बरा जायचा. आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत राहायचं, संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसायचं, आणि शनिवारची एसटी धरून खाडीकाठच्या घरी यायचं. घरी आई होती, माझी बायको-मुलं होती आणि धाकटा भाऊ विश्राम होता. होडी विश्रामच्या ताब्यात. आठवडाभर ती कुठे जाते, कुणाला बसवते, काय आणते, हे मी जेवताना असंच विचारल्यासारखं विचारायचो. तो सगळं सांगायचा. सगळं सांगणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय यायचा.

बाबांच्या वेळी लाकडी होडी होती आणि वल्ही होती. आईची थोरली बहीण खाडीच्या वरच्या अंगाला, वालावलला दिलेली. रस्त्यानं जायचं तर एसटी बदलत जावं लागे आणि आईला एसटी लागे. फाटा येईपर्यंत तिचा पदर तोंडाला आणि चेहरा पिवळा. म्हणून बाबा तिला होडीतून न्यायचे. भरती लागली की इथून सुटायचं, पाणीच होडी वर नेतं, वल्हं नुसतं वाट दाखवायला. मावशीकडे जेवायचं, देवळाच्या तळ्याकाठी दोघी बहिणींनी पाय सोडून बसायचं, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की पाण्याबरोबर खाली यायचं. बाबा पाण्याला विचारल्याशिवाय दोर सोडत नसत. मावशी हात दाखवायला काठावर येई आणि आई वळणापर्यंत मागे बघत राही. त्या एका दिवसावर आईचं पुढचं सगळं वर्ष निघायचं.

बाबा गेले, लाकडी होडीही गेली. मग आम्ही फायबरची होडी घेतली, बेताची, घरापुरती. आणि तिला इंजिन कितीचं लावायचं यावर माझं आणि विश्रामचं वाजलं.

वाजलं म्हणजे आवाज झाला असं नव्हे. आमच्या घरात भांडणं जेवणाच्या ताटावरच व्हायची, माशाचा काटा काढता काढता. विश्रामचं म्हणणं, पंधरा हॉर्सपॉवर. माझं म्हणणं, आठ. तो म्हणाला, "दादा, आये बसतली, वैनी, पोरां, वरसून तांदळाचो पोतो. सुकतीक वर चढूचा झाला तर आठात व्हायचा नाय." मी म्हटलं, बाबा तर दोन हातांनी जात होते, तुला आठ घोडे पुरत नाहीत? आई हसली, मुलं हसली. मला वाटलं, मी जिंकलो. बाबा सुकतीला वर चढायला कधी जातच नव्हते, हे त्या ताटावर कुणाला सुचलं नाही. विश्रामला सुचलं असावं. तो भात कालवत राहिला.

त्याच्या पंधरामागे काय आहे, हे मी सावंतवाडीला आठवडाभर शोधत असे. पर्यटक असणार. खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या तेव्हा वाढत होत्या. आईचं नाव पुढे करून हा घरची होडी धंद्याला लावणार, उद्या म्हणणार होडी माझीच. किंवा मग पास्कू. पास्कू आमच्याकडचा इंजिनवाला. वडाखाली त्याची टपरी, आत उघडी पडलेली इंजिनं, भिंतीवर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो आणि त्यावर रोज ताजं फूल. विश्राम आणि तो शाळेपासूनचे. दोघं एका बाजूला बोलत आणि मी गेलो की हवेवर, पावसावर बोलू लागत. मी पास्कूला खोदून विचारलं तेव्हा त्याने मला बरंच शिकवलं: होडीची पाठची फळी किती वजन पेलेल ते बघायचं, पंखा पाण्यात किती खोल जातो ते बघायचं, माणसं बसल्यावर होडी किती दबते ते बघायचं. आणि सहज म्हणाला की काही इंजिनं एकाच अंगाची असतात. आतला एखादा भाग वेगळा आणि वरच्या टोपणावर चिकटवलेला आकडा वेगळा. झालं. त्या दिवसापासून मला कुठल्याच टोपणावरचा आकडा खरा वाटेना. "मगे काय घेवचा?" म्हणून मी विचारलं तर तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "तुमका होया ता घ्या. माका दोनय इकूची आसत." त्याने खरं तेच सांगितलं होतं. मी त्यातही डाव शोधला.

शेवटी मीच म्हटलं, देवाला विचारू.

आमच्याकडे हे चालतं. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, आजारी म्हशीचं औषध, सगळं रवळनाथाला विचारतात. गुरव पाषाणाच्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. आपण आपलं मागणं घालायचं. उजवीकडचा कळा पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. इंजिनाच्या ताकदीसाठी कौल लावणारा बहुधा मीच पहिला. पण विश्रामला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. उलट त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याला त्या दिवशी जाळी घेऊन बाजूच्या गावी जायचं होतं. "तू जा दादा, तू इचारलंस म्हंजे मी इचारलंय," म्हणाला.

गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या दगडाचा वास होता. गुरवाने विचारलं, मनात विचारणार की बोलून. मी म्हटलं, मनात. काही लोक तसं विचारतात, लाजेच्या गोष्टी असतात. मला लाज कसली होती? पण इंजिनाबद्दल विचारायचं तर विश्रामबद्दलच विचारायला हवं होतं, आणि ते गुरवासमोर बोलवेना. मी डोळे मिटून मनात म्हटलं: देवा, विश्राम सांगतो ते खरं असेल, त्याच्या पोटात दुसरं काही नसेल, तर उजवा दे. डोळे उघडेपर्यंत कळा पडला होता. उजवा. एवढ्या लवकर कौल मिळालेला गुरवालाही कौतुकाचा वाटला.

मी बाहेर येऊन पिंपळाच्या पाराशी उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. माझा भाऊ खरा आहे, असं देवानं सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं, तर गुरव विश्रामच्या ओळखीचा. उजव्या कळ्याला त्यानं पाणी कमी लावलं असेल का? आमच्याकडून मासळीची वाटी गुरवाच्या घरी अधूनमधून जाते. मी देवळाच्या आवारात उभं राहून, देवाच्या अंगावरच्या फुलाच्या कळ्यावर, जन्मतारखेवर घ्यावा तसा संशय घेतला. घरी पोचेपर्यंत तो संशय पक्का झाला होता.

आई पडवीत वाल सोलत होती. तिने वर बघितलं. "काय सांगल्यान देवान?"

"उजवो दिल्यान."

"कित्याचो?"

"लहानाचो," मी म्हटलं.

खोटं बोलायला मला एवढाच एक शब्द लागला. मनातला कौल होता. मी काय विचारलं होतं ते मला आणि देवाला माहीत, आणि देव काही आमच्या पडवीत येऊन बसणार नव्हता. संध्याकाळी विश्राम आला, पाय धुता धुता त्याने ऐकलं, क्षणभर तांब्या हातात तसाच राहिला. मग म्हणाला, "देवान सांगल्यान मगे इचारूचा काय ऱ्हवला?" दुसऱ्या दिवशी आठाचं इंजिन त्यानेच खांद्यावरून आणलं. त्याला झेंडूची माळ घातली, पंख्याला कुंकू लावलं, आईकडून ओवाळून घेतलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यात नाराजी दिसावी असं मला फार वाटत होतं. नाराजी दिसली असती तर माझा संशय खरा ठरला असता. तो मुलांना इंजिनाच्या दोरीला हात लावू देत होता.

तो मोसम मी अजून वासांनी ओळखतो. नव्या फायबरचा वास, झेंडूचा, पेट्रोलच्या डब्याचा, आणि चतुर्थीनंतर फुटाणे, करंज्या, निर्माल्य यांचा एकत्र घरभर भरून राहिलेला वास. दोघं-तिघं बसून खाडीत फिरलं की आठ घोडे छान पळायचे. मी पुढे बसायचो, तोंडावर वारा घ्यायचो आणि मनात म्हणायचो, बघा. किती तो खर्च वाचला, किती ती ओढाताण वाचली. विश्राम मागे इंजिनाचा दांडा धरून असायचा. मी मुद्दाम म्हणायचो, काय रे, जाते ना? तो म्हणायचा, "जाता मा." त्या "जाता मा" मध्ये काही दडलंय का, हेही मी तपासायचो.

मग वालावलहून निरोप आला की मावशीचं काही खरं नाही. खाणं सुटलंय, माणसं ओळखण्यात घोळ करते, पण सकाळपासून बहिणीचं नाव घेतेय. लगेच या.

भरतीची वाट बघायला वेळ नव्हता. पाणी तेव्हा नुकतंच उतरायला लागलं होतं. रिक्षा ठरवू का, असं कुणीतरी म्हणालं. आईने मान हलवली, रस्त्यानं गेले तर मीच पोचणार नाही म्हणाली. आम्ही सगळे बसलो. आई, मी, माझी बायको, मुलं. आईने मावशीकडे द्यायला म्हणून नव्या तांदळाची गोणी घेतलेली. रिकाम्या हातानं बहिणीकडे कशी जाऊ? होडी बरीच दबली. विश्रामने दबलेल्या काठाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोरी ओढली.

सुरुवातीला खाडी रुंद आहे तिथे कळलं नाही. पुढे दोन्ही काठ जवळ येतात, काठाला बांध आहे, आणि तिथे पाणी चिंचोळं होऊन जोर धरतं. घाटाकडे पाऊस झालेला होता. उतरणाऱ्या पाण्यात वरचं तांबडं पाणी मिसळलेलं, त्यात झाडाच्या फांद्या, गवताचे पुंजके. विश्रामने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. आवाज एवढा की मुलांनी कान झाकले. पाणी होडीच्या दोन्ही अंगांनी फेसाळत मागे जात होतं, त्यामुळे आपण जोरात चाललोय असंच वाटत होतं. काठावर एक माड होता. मधेच वाकडा होऊन पुन्हा सरळ वर गेलेला, ओळखू येण्यासारखा. तो आमच्या बरोबर होता. थोड्या वेळानेही तो आमच्या बरोबर होता. विश्राम काठाजवळ घेऊन बघत होता, मध्यावर घेऊन बघत होता, माड तिथेच.

आई त्या माडाकडे बघत होती. तिने साधेपणाने विचारलं, "अरे विश्राम, ह्यो माड आपल्यावांगडा चलता काय रे?"

मुलं खदखदून हसली. माझी बायकोही तोंडाला पदर लावून हसली. विश्राम हसला नाही. मी पुढे बसलो होतो, मागे बघत, त्यामुळे मला सगळं एकाच वेळी दिसत होतं: विश्रामचा चेहरा, आणि त्याच्या खांद्याशी तो न हलणारा माड. पंधरा, पंधरा, पंधरा, असं माझ्या डोक्यात इंजिनाबरोबर वाजत होतं. डब्यातलं पेट्रोल संपत आलं. विश्रामने हळूच इंजिनाचा जोर कमी केला. होडी लगेच मागे घसरली, आणि माड पुढे निघून गेला. "आये, परत फिराक होया," तो म्हणाला.

परत येताना सुकतीने आम्हाला किती पटकन घरी आणून टाकलं. बंदरावर उतरताना आई म्हणाली, "तू दर्यावर वाढलंस, तुका सुकती कळूक नाय?" हे ती विश्रामला म्हणाली, माझ्यासमोर. मी तांदळाची गोणी उचलत होतो. मला तेव्हा बोलता आलं असतं. विश्राम होडीचा दोर बांधत, मान वर न करता म्हणाला, "देवान इंजिन दिल्यान ता बरा, आये. माकाच पाणी कळूक नाय."

दुसऱ्या दिवशी रिक्षाने, तोंडाशी पिशवी धरून, आई वालावलला पोचली. मावशी पलंगावर बसलेली होती, वेणीफणी केलेली, नीटनेटकी. आईने तिचा हात धरला. मावशीने हात बघितला, मग आईला बघितलं, आणि सुनेला विचारलं, "ही खंयची गो?" सून म्हणाली, काल दिवसभर तुमचीच वाट बघत होत्या. आई तिथल्या तळ्याकाठी एकटीच जाऊन बसली. मावशी त्यानंतर बरीच जगली, पण आईला तिने परत ओळखलं नाही.

या गोष्टीचा बोल विश्रामला लागला. वाडीत कुणी वाईट नव्हतं, पण बोलता बोलता ते येतच राहिलं. सुकतीला कुणी वर चढतं का, बापूस असता तर असं झालं नसतं, इंजिन आलं आणि पोरगा पाणी विसरला. मी ऐकत राहिलो. मला गप्प राहण्याची सवय होती. लोक त्याला माझा समंजसपणा म्हणत. त्या मोसमाच्या शेवटी विश्राम गोव्याला गेला, दुसऱ्याच्या होडीवर, पर्यटकांना फिरवायला. ज्या कामाचा मी त्याच्यावर संशय घेतला होता, तेच काम त्याला मी मिळवून दिलं म्हणायचं. गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीपर्यंत मी त्याला पोचवायला गेलो होतो. नाक्यावर गाड्या थांबवून सामान उघडून बघत होते. त्याची बॅग बघून लगेच बंद केली. त्याच्याकडे लपवलेलं काही नव्हतं. माझी कुणी तपासणी केली नाही.

तेव्हापासून तो चतुर्थीला येतो, गणपतीची आरती म्हणतो, जातो. देवळात येत नाही. पाय दुखतात, वेळ नाही, काहीतरी सांगतो. आणि मी इतकी वर्षं एकच गोष्ट चघळत आलो: याला माहीत आहे. मी झोपेत काही बोललो असेन, किंवा माझ्या तोंडावरच दिसलं असेल. तो माझ्या मुलांसाठी गोव्याहून बेबिंका मिठाई आणतो, तर मला वाटतं, मला लाजवायला आणतो. तो मला "दादा" म्हणतो, तर त्या दादात मला गाठ लागते. संशय घ्यायला आधी भाऊ होता, नंतर भावाला काय कळलंय हे होतं. माझं काम चालूच राहिलं.

यंदा ते आठाचं इंजिन संपलं. खाऱ्या पाण्याने आतून खाल्लं होतं. पास्कू आता म्हातारा झालाय, त्याने टोपण उचलून आत बघितलं आणि नुसतंच परत ठेवलं. आता नवं घ्यायचं. आई फार थकली आहे, पण या वर्षी तिने एकच धरलंय की मला एकदा वालावलला न्या. मावशी नाही, तरी न्या. तळ्याकाठी बसेन आणि येईन म्हणते. मी विश्रामला फोन केला, म्हटलं, इंजिन कितीचं घेऊ? तिकडे वारा होता, पाठीमागे कुणीतरी गाणी लावली होती. तो म्हणाला, "माका कित्याक इचारतंस, दादा? देवाक इचार."

फोन ठेवला आणि माझी झोप गेली. देवाक इचार. टोमणाच होता तो, आवाजावरून कळत होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. मी ते वाक्य उलटसुलट करून बघत होतो, बंद पुडी उलगडून बघावी तसं. बायकोला अर्धवट काहीतरी सांगितलं, पूर्ण नाही. ती म्हणाली, "इचारा मा सरळ. भाव तुमचो तो, पोलीस न्हय." ती झोपली. मला वाटलं, पोलीस असता तर सोपं होतं.

विश्राम चतुर्थीच्या आधी दोन दिवस आला. मी म्हटलं, देवळात येतोस का माझ्याबरोबर, एवढ्या वेळी. तो नाही म्हणायच्या बेतात होता. आईने पडवीतूनच म्हटलं, जा रे त्याच्याबरोबर. तो आला. वाटेत तेरडा फुलला होता, भाताची शेतं पोटरीला आली होती, आणि आम्ही दोघं बांधावरून एकामागे एक चाललो होतो, मी पुढे, तो मागे. त्याची नजर माझ्या पाठीवर आहे असं मला वाटत होतं. वळून बघितलं तर तो शेताकडे बघत होता.

जुना गुरव गेला, आता त्याचा मुलगा आहे. सभामंडपात वाडीतले दोन-तीन म्हातारे नेहमीसारखे बसलेले. गुरवाने कळे ओले करून लावले आणि विचारलं, "मनात इचारतलास काय बोलान?"

"बोलान," मी म्हटलं.

मग मी हात जोडले. गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा," मी सुरुवात केली, आणि मंडपातून सवयीने आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"मागे मी तुका कौल लावलंय, तेवा तू उजवो दिलंस."

"व्हय म्हाराजा."

"तो माज्या भावाच्या बाजून होतो. पंधराचो होतो. मी घराकडे जावन लहानाचो म्हणान सांगलंय."

या वेळी गुरवाने वळून माझ्याकडे बघितलं. मंडपात एकच म्हातारा, त्याला कानाने कमी येतं, तो खणखणीत म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आयेची आणि मावशेची भेट चुकली ती माज्यामुळे. भावाक बोल लागलो, तो गाव सोडून गेलो, तो माज्यामुळे. ती लबाडी माजी, म्हाराजा, तुजी न्हय."

समईची वात चुरचुरत होती. विश्राम माझ्या मागे होता. मला वळायचं धैर्य नव्हतं. गुरव अवघडून म्हणाला, "सांगणा झाला. पण इचारूचा काय तां सांगा. कळे वल्ले आसत, सुकतले."

माझ्याकडे विचारायला काहीच नव्हतं. एवढी तयारी केली, आणि प्रश्नच आणला नव्हता. मी तसाच बाहेर आलो.

पायरीवर चपला शोधताना विश्राम माझ्या शेजारी येऊन बसला. पायात चपला घातल्या, परत काढल्या. समोर बघत बोलला. "तू लहानाचो म्हणालंस, माका खरा वाटला. मगे तो माड हललो नाय. मावशेन आयेक वळखूक नाय. तेवापासून मी ह्या देवाक फूल घालूक नाय, दादा." त्याने चपलेची माती झटकली. "इतकी वर्सां मी देवाक खोटो म्हणतंय."

म्हणजे फोनवरचा टोमणा टोमणाच होता. माझा कान चुकला नव्हता. तो मला नव्हता, एवढंच. माझ्या भावाला माझा संशय एकदाही आला नव्हता. त्याने मला सोडून देवावर घेतला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने हात आडवा केला, रागाने की नुसताच, मला सांगता येत नाही. मग उठून, अनवाणी, तो परत आत गेला. दारातून मला त्याची पाठ दिसत होती. तो देवासमोर बराच वेळ उभा होता, ओठ हलत नव्हते. मनातलं असावं. काय बोलला असेल, हा विचार माझ्या डोक्यात उगवलाच. सवय जात नाही. बाहेर आला आणि चालता चालता म्हणाला, पास्कूकडे पंधराचं असेल तर दोन दिवस मागून घेऊ. फळीला लावून बघू. ओढलं तर मग घेऊ.

काल आम्ही ते लावलं. भरती असताना सोडावं असं मी म्हटलं, आईच्या जिवाला ताप नको. विश्राम म्हणाला, नाही, सुकतीलाच. तेव्हा जशी भरली होती तशीच होडी भरायची. माझी मुलं आता केवढी मोठी झालीत, ती बसली, बायको बसली, आणि आईला दोघांनी धरून मध्ये बसवलं. विश्राम घरात जाऊन तांदळाची गोणी घेऊन आला. आईने विचारलं, ही कुणाला? तो म्हणाला, वजनाला. टोपणावर कितीचा आकडा आहे ते मी बघितलं नाही. बघायची इच्छा झाली होती.

मी पुढे बसलो, मागे तोंड करून. काठ जवळ आले, पाणी तांबडं झालं, होडीच्या अंगाला फेस आला. विश्रामने इंजिन सोडलं. आवाज वाढला, आणि मी मुलांच्या डोक्यांवरून, आईच्या डोक्यावरून बघत राहिलो. तो मधेच वाकडा होऊन सरळ गेलेला माड पुढून आला, आणि विश्रामच्या खांद्याशी येऊन थांबला. विश्राम माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे हे मी शोधलं, मला ते कळलं नाही, आणि पहिल्यांदाच मी ते तसंच राहू दिलं.

त्याने दांड्यावरचा हात थोडा आणखी पिळला. माड त्याच्या खांद्यावरून हळूच मागे गेला, आधी बुंधा, मग वाकडं, मग शेंडा.

आई मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

"सरलो गे बाये एकदाचो," ती म्हणाली.